शेतकऱ्याच्या खिशांतील चाकू

चाकू घेतांना आपण आधीं किंमत विचारतों. आधीं पाहावा तो सांधा. पातें पूर्ण उघडून आडवें हलवून पाहावें. खिळ्यापाशीं डुगडुगलें तर तो चाकू स्वस्त असूनहि महाग होय. पातें अडविण्याची सोय नसेल तर दाब पडतांच तें मिटून बोट कापतें. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० सालीं लांकडी मुठीचा साधा चाकू काढिला. १९५५ सालीं त्यास पातें अडविणारें फिरतें कडें बसविण्यांत आलें. एवढी युक्ति पुरे आहे.

साध्या पोलादास धार लौकर लागते. परंतु लिंबाचा रस वा आंब्याचा चीक तसाच राहिल्यास गंज चढतो. काम होतांच पुसून तेलाचें बोट फिरवावें. हें ज्याच्यानें होत नाहीं त्यानें न गंजणारें पोलाद घ्यावें. कलम करणारानें तर धारेची हयगय करूं नये. बोथट पात्यानें साल चिरडते, जोड धरीत नाहीं व हंगाम फुकट जातो.

पातें चार बोटें लांब पुरे. नक्षीस पैसे न देतां त्यांतून धार लावण्याचा दगड घ्यावा. दगडावांचून उत्तम चाकूहि चार दिवसांचा सोबती.