बंद पडलेले पुन्हा सुरू होताना
(लिनक्स प्रणालीतील सेवांचे व्यवस्थापन : एक परिचय)

बी. ए. द्वितीय वर्ष

मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. तेव्हा वार्षिकांकात संगणकावर लेख लिहिणे हा माझा आगाऊपणा आहे असे कोणास वाटले, तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु 'कमवा व शिका' योजनेखाली मी गेले वर्षभर ग्रंथालयात रोज दोन तास काम करीत आहे. तेथील एका संगणकाने मला एक धडा दिला. तो धडा कला शाखेच्या मित्रांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा प्रपंच.

आमचे गाव मूर्तिजापूर तालुक्यात, म्हणजे अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. संगणकाआधी माझी ओळख झाली ती विहिरीवरच्या मोटरीशी. म्हणून हा विषय मी मोटरीच्या वाटेनेच मांडणार आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

१. विहिरीवरची मोटर

शेतीची वीज ठराविक तासच येते, आणि पुष्कळदा रात्री येते. रात्री दोन वाजता बटण दाबायला शेतात कोण जाणार? म्हणून शेतकरी मोटरीला ऑटोस्विच बसवतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. सोय मोठी, पण तिला दोन धोके आहेत. पहिला असा की, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर रोहित्रावर भार येऊन ते जळते. याच कारणाने महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करीत असते. दुसरा धोका घरचाच. तीनपैकी एक फेज नसताना मोटर चालली की तिचे वाइंडिंग जळते.

मी अकरावीत असताना आमची मोटर अशीच जळाली. फ्यूज उडाला होता तो आमच्याच पेटीतला, आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर आम्ही बसवलेला नव्हता. तेव्हा बाबा म्हणाले होते, "आपोआप चालू होते हे खरं हाय बापू, पण बंद कायले पडली होती, ते तिले कुठं मालूम असते?" हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

२. पहिला कामगार

लिनक्स प्रणालीचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. आज जगातील बहुसंख्य मोठे सर्व्हर याच प्रणालीवर चालतात. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही लिनक्सच्याच डेबियन या शाखेवर उभी आहे.

संगणकाचे बटण दाबले की प्रथम यंत्रातील मूळ आज्ञावली जागी होते. ती ग्रब नावाच्या छोट्या आज्ञावलीला हाक मारते, आणि ग्रब लिनक्सचा गाभा स्मृतीत आणून ठेवते. गाभा यंत्रसामग्री ओळखतो आणि एकच काम सुरू करतो. त्या कामाचा क्रमांक १. पुढची सारी कामे हा पहिला कामगार सुरू करतो. पडद्याआड अखंड चालणाऱ्या अशा कामांना 'सेवा' म्हणतात. माहितीचा साठा सांभाळणे, जाळ्यावर पाने पुरवणे, छपाई करणे या सर्व सेवाच होत.

पूर्वी या पहिल्या कामगाराचे नाव होते 'इनिट'. १९८३ साली आलेल्या युनिक्स सिस्टिम फाइव्हची पद्धत लिनक्सने उचलली होती. तीत यंत्राच्या अवस्थांना शून्य ते सहा असे क्रमांक असत. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे दुरुस्तीपुरते चालू, सहा म्हणजे पुन्हा सुरू. प्रत्येक सेवेची एक संहिता असे आणि तिच्या नावात दोन अंकी क्रमांक असे. त्या क्रमाने सेवा एकामागून एक सुरू होत. पद्धत समजावयास सोपी, पण एक अडली की मागच्या साऱ्या खोळंबत.

'उबुंटू'ने २००६ साली 'अपस्टार्ट' हा पर्याय आणला. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टिमडी' पुढे आणली. फेडोराने ती २०११ मध्ये, रेड हॅटने २०१४ मध्ये, तर डेबियन आणि उबुंटू यांनी २०१५ मध्ये स्वीकारली. हे सुखासुखी झाले नाही. एका आज्ञावलीने एकच काम नीट करावे, ही युनिक्सची जुनी शिकवण. सिस्टिमडी तर सारा कारभार आपल्या हाती घेते, असा विरोधकांचा आक्षेप होता. डेबियनमधील काही मंडळी त्यावरून वेगळी झाली आणि त्यांनी 'देवुआन' ही निराळी शाखा काढली. आक्षेपात तथ्य आहे. परंतु आज बहुतेक ठिकाणी गाठ पडते ती सिस्टिमडीशीच, म्हणून तिची ओळख करून घेणे भाग आहे.

३. चार आज्ञा, चार भेद

आज्ञा संगणकावर रोमन लिपीत द्यावयाच्या असतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे देतो. मुख्य आज्ञेचे नाव 'सिस्टिमसीटीएल'. तिच्यापुढे क्रियापद आणि सेवेचे नाव लिहावयाचे.

'स्टार्ट' म्हणजे सेवा आत्ता सुरू कर. हे मोटरीचे हिरवे बटण. 'एनेबल' म्हणजे यंत्र सुरू होईल तेव्हा दर वेळी ही सेवा सुरू कर. हा ऑटोस्विच. नवशिके येथेच फसतात. 'स्टार्ट' केलेली सेवा यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप येत नाही. उलट नुसते 'एनेबल' केल्याने ती या क्षणी सुरू होत नाही. त्यांचे उलट शब्द 'स्टॉप' आणि 'डिसेबल'. 'मास्क' म्हणजे पेटीला कुलूप, मग कोणालाच ती सेवा सुरू करता येत नाही. आणि 'स्टेटस' म्हणजे पेटीवरचे दिवे पाहणे.

प्रत्येक सेवेची एक लहानशी फाईल असते. तीत ही सेवा कोणती आज्ञावली चालवते, कोणानंतर सुरू व्हावी आणि कोणावाचून चालू शकत नाही, हे लिहिलेले असते. 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' हे दोन शब्द वेगळे आहेत. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतो. 'रिक्वायर्स' गरज सांगतो, पण क्रम सांगत नाही. म्हणून पुष्कळदा दोन्ही लिहावे लागतात. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा सेवा सिस्टिमडी एकाच वेळी सुरू करते, त्यामुळे वेळ वाचतो.

'रिस्टार्ट' या ओळीने सेवा पडल्यास ती पुन्हा उभी करता येते. पण सेवा पुनःपुन्हा पडू लागली तर? दहा सेकंदांत पाच वेळा प्रयत्न झाले की सिस्टिमडी हात टेकते आणि सेवा 'फेल्ड' म्हणून बाजूला ठेवते. अर्थात हे आकडे बदलता येतात. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले हेच काम करतो. जळण्यापेक्षा बंद राहिलेले बरे!

४. ग्रंथालयातील सकाळ

आता मूळ प्रसंग. आपल्या ग्रंथालयाची सूची 'कोहा' या आज्ञावलीवर चालते. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिच्या मागे मारियाडीबी हा माहितीचा साठा आणि अपाची ही पाने पुरवणारी सेवा असते.

सत्र परीक्षा आठ दिवसांवर होती. रात्री वीज गेली, यूपीएस संपला आणि संगणक बंद पडला. सकाळी सुरू केला तर सूची उघडेना. काउंटरपुढे पुस्तकांसाठी रांग लागलेली. संगणक बसवून देणारे गृहस्थ चार दिवसांनी येणार होते. ग्रंथपाल मॅडमनी विचारले, "अरे, काल संध्याकाळी तूच बसला होतास ना?" माझ्या पोटात गोळा आला. वसतिगृहाचा खर्च मी या कामातूनच भागवतो.

मॅडमनी परवलीचा शब्द टाईप केला आणि मी 'स्टेटस' पाहिले. मारियाडीबी 'फेल्ड'. मी 'स्टार्ट' दिले, पुन्हा 'फेल्ड'. तिसऱ्यांदाही तेच. फाईलमध्ये 'रिस्टार्ट' ओळ बदलून 'ऑलवेज' लिहावे, म्हणजे ती उभी राहीपर्यंत प्रयत्न करील, असे मनात आले. तेवढ्यात बाबांचे वाक्य आठवले. बंद कायले पडली?

मग 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा दिली. सिस्टिमडी साऱ्या सेवांची रोजनिशी ठेवते. मारियाडीबीचे नाव आणि या वेळच्या प्रारंभापासूनचा काळ सांगितला की तेवढ्याच नोंदी समोर येतात. नोंदी इंग्रजीत होत्या. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. शेवटून चौथ्या ओळीत उत्तर होते. डिस्कवर जागा उरली नव्हती. मारियाडीबीला सुरू होताना एक तात्पुरती फाईल लिहावी लागते, आणि तेवढीही जागा नव्हती.

जागा कोणी खाल्ली? मीच. माहिती हरवू नये या भीतीने मी रोज संध्याकाळी साऱ्या साठ्याची प्रत काढून त्याच डिस्कवर ठेवत होतो. जुनी प्रत काढून टाकावी हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. कारण विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल! हे मी मॅडमना तेथेच सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आधी रांग मोकळी करू." जुन्या प्रती बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, 'स्टार्ट' दिले आणि सूची उघडली. आदल्या दिवशीच्या देवघेवीच्या नोंदी रजिस्टरशी ताडून पाहिल्या. सर्व शाबूत होत्या.

आता प्रती काढण्याचे काम 'टायमर' करतो. ठरलेल्या वेळी काम करून घेण्याची सोय सिस्टिमडीतच आहे. तीत 'पर्सिस्टंट' अशी एक ओळ लिहिता येते. ठरल्या वेळी संगणक बंद असला, तर तो पुन्हा सुरू झाल्यावर राहून गेलेले काम उरकले जाते. आपल्याकडील विजेला ही ओळ फार सोयीची. प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते आणि सात दिवसांहून जुनी प्रत पुसली जाते. बाहेरची डिस्क जोडलेली नसेल तर काम सुरूच होऊ नये, अशी अटही फाईलमध्ये घातली आहे. हा आमचा सिंगल फेज प्रिव्हेंटर.

५. उपसंहार

मित्रांनो, संगणक हा विज्ञान शाखेचा प्रांत, आपण त्याच्या वाटेला जाऊ नये, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. पण त्या सकाळी मला उपयोगी पडले ते गणित नव्हे. लिहिलेली ओळ सावकाश वाचणे, तिचा अर्थ लावणे आणि आधी काय घडले, नंतर काय घडले याचा क्रम जुळवणे, एवढेच मी केले. इतिहासाच्या आणि साहित्याच्या तासाला आपण दुसरे काय शिकतो? ज्यांना अधिक शिकावयाचे असेल, त्यांच्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले आहेत.

दिवाळीनंतर गावी गेलो तेव्हा बाबांना सारी हकीकत सांगितली. त्यांना कोहा समजले नाही, सिस्टिमडीही नाही. पण डिस्क भरल्याचे ऐकून त्यांनी विचारले, "मंग तू मॅडमले सांगतलं ना, का चूक तुयीच होती म्हणून?" मी हो म्हटले. "मंग झालं," म्हणाले, आणि मोटरीकडे निघून गेले.