संमिश्र पदार्थांतील हानीचे गणित

बांबूवर आडवा घाव घातला तर तो सहजासहजी तुटत नाही. मात्र त्याच्या टोकाशी कोयता उभा लावून ठोकला, की तो सरळ चिरत जातो. बुरुडाचा सारा व्यवसाय बांबूच्या या गुणावर चालतो. लांबीच्या दिशेने धावणारे बळकट तंतू आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे, त्या मानाने दुबळे द्रव्य, अशी बांबूची रचना आहे. काचेचे किंवा कर्बाचे तंतू राळेत बसवून केलेले संमिश्र पदार्थ याच तत्त्वावर आधारलेले आहेत. पवनचक्कीची पाती त्यांचीच बनतात, आणि बोइंग ७८७ या विमानाच्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग अशा पदार्थांचा आहे. साहजिकच, हे पदार्थ केव्हा आणि कसे मोडतील, हे आधी सांगता येण्यावर असंख्य माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

पोलादाच्या बाबतीत हे काम पुष्कळच सोपे आहे. पोलाद सर्व दिशांना जवळजवळ सारखे बळकट असते आणि तुटण्यापूर्वी बहुधा वाकून सूचना देते. कर्बतंतू एकाच दिशेने मांडलेल्या थराची गोष्ट वेगळी. तंतूंच्या दिशेने तो जेवढा ताण सोसतो, त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढ्या आडव्या ताणानेही तो फाटू शकतो. म्हणून थर निरनिराळ्या कोनांत एकावर एक रचावे लागतात, आणि तेथूनच गुंतागुंत वाढते.

अशा रचनेवर ताण वाढत गेला, की सामान्यतः प्रथम आडव्या थरांतील राळेला बारीक तडे जातात. वस्तू अद्याप शाबूत दिसते, भारही पेलते. पुढे या तड्यांच्या टोकांशी थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि सरतेशेवटी तंतू तुटतात. दाबाखाली मात्र प्रकार निराळा असतो. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या तंतूला सरळ ठेवण्याचे काम राळ करीत असते. तिने आधार सोडला की तंतूंचा जुडगा एकाएकी मुडपतो. घडणीच्या वेळी तंतूंत किंचित लहर राहिली, तरी दाब सोसण्याची शक्ती झपाट्याने घटते.

हे सर्व गणितात बसवावयाचे कसे? त्साय आणि वू यांनी १९७१ मध्ये सर्व दिशांची प्रतिबले एकाच सूत्रात गुंफली. हे सूत्र वापरण्यास सोयीचे आहे, परंतु ते नेमके काय मोडले हे सांगत नाही. तंतू तुटला की राळेला तडा गेला, हा प्रश्न अभियंत्याला टाळता येत नाही. हाशिन यांनी १९८० मध्ये तंतूंचा ताण, तंतूंचा दाब, राळेचा ताण व राळेचा दाब यांसाठी स्वतंत्र कसोट्या मांडल्या, त्या या कारणाने अधिक उपयुक्त ठरल्या.

तथापि पहिला तडा म्हणजे शेवट नव्हे. म्हणून आजच्या पद्धतीत संगणकावर वस्तूचे लहान लहान खंड पाडतात. ज्या खंडात कसोटी ओलांडली जाते त्याचा ताठपणा हिशेबातून कमी करतात, त्याचा भार शेजाऱ्यांवर वाटतात आणि पुन्हा गणित करतात. येथे एक फसवा खड्डा आहे. खंड जितके बारीक, तितकी मोडण्यास लागणारी ऊर्जा कमी, असे निरर्थक उत्तर निघू शकते. ते टाळण्यासाठी, तडा उघडण्यास लागणारी प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जा खंडाच्या आकाराशी जोडावी लागते.

ही गणिते कितपत खरी उतरतात? ब्रिटनमधील हिंटन, काद्दूर आणि सोडेन यांनी याचा जाहीर पडताळा घेतला. निरनिराळ्या सिद्धांतांच्या कर्त्यांना सारखीच मूळ माहिती दिली आणि प्रयोगांचे निष्कर्ष दाखविण्यापूर्वी त्यांची भाकिते मागविली. १९९८ ते २००४ या काळात प्रसिद्ध झालेल्या या उपक्रमात अखेर १९ सिद्धांत १४ उदाहरणांवर तपासले गेले. एकाच नळीविषयी तज्ज्ञांची उत्तरे एकमेकांपासून फार दूर पडली. तेव्हापासून गणिताला प्रयोगाची जोड असलीच पाहिजे, हा आग्रह अधिक दृढ झाला. प्रथम लहान पट्ट्या, मग जोड, मग पूर्ण भाग अशा चढत्या क्रमाने विमानांच्या चाचण्या होतात, त्या याचसाठी.

ही शिस्त न पाळल्यास काय होते, हे १८ जून २०२३ रोजी अटलांटिक महासागरात दिसले. 'टायटॅनिक'चे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोलीवर आहेत. तेथे निघालेल्या 'टायटन' या पाणबुडीचे कर्बतंतूंचे नळकांडे दाबाने चिरडले जाऊन पाच जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात नळकांड्याच्या थरांत सुरकुत्या व पोकळ्या आढळल्या. जुलै २०२२ मधील एका फेरीत पाणबुडी वर येताना मोठा आवाज झाला होता आणि त्यानंतर विकृतिमापकांच्या नोंदी बदलल्या होत्या. त्या वेळी थर सुटले होते, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. नोंदी उपलब्ध होत्या. त्यांचा अर्थ योग्य रीतीने लावला गेला नाही, आणि पाणबुडी पुढेही पाण्यात उतरविली जात राहिली.