टेलोमिअर आणि रसायनविचार

सुश्रुताचार्यांनी जरेची गणना क्षुधा, पिपासा, निद्रा व मृत्यू यांच्यासमवेत स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आहे. वार्धक्य हे बाहेरून आलेले संकट नसून देहाच्या स्वभावातच अंतर्भूत आहे, असा त्याचा आशय. हा स्वभाव पेशीच्या पातळीवर कोठे दिसतो, या प्रश्नाला आधुनिक जीवशास्त्राने दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे टेलोमिअर होय.

१९३८ मध्ये हर्मन म्युलर यांना फळमाशीवर क्ष-किरणांचे प्रयोग करताना असे आढळले की, गुणसूत्रांचे तुटलेले भाग परस्परांशी जोडले जातात, मात्र मूळ टोके कशाशीही जोडली जात नाहीत. अंत व भाग या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी या टोकांना टेलोमिअर हे नाव दिले. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांत हेच पाहिले. दोरखंडाचे टोक उसवू नये म्हणून त्यावर दोरा आवळून बांधतात, तसेच हे कार्य.

या टोकाची घडण कळण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. १९७८ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांनी टेट्राहायमिना हा गोड्या पाण्यातील एकपेशीय जीव अभ्यासासाठी निवडला. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रांची टोके अवघी ९२. या जीवात लहान गुणसूत्रे हजारोंनी, म्हणून टोकेही विपुल. तेथे सहा अक्षरांचा एकच क्रम पुनःपुन्हा आलेला दिसला. मानवात ही षडक्षरी ‘टीटीएजीजीजी’ अशी असून तिची आवृत्ती सहस्रावधी वेळा होते.

पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा अगदी टोकापर्यंत पोहोचू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक विभाजनात टोक किंचित आखूड होते. ही अडचण १९७१ मध्ये अलेक्सेई ओलोव्निकोव्ह यांनी मांडली. मानवी पेशी प्रयोगशाळेत सुमारे पन्नास विभाजनांनंतर थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्येच दाखविले होते. त्याचे कारण आता उलगडले. १९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर यांना ही झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराचा पुरावा मिळाला. ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक लाभले.

काही लेखक टेलोमिअर म्हणजेच ओज असे समीकरण मांडतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. ओज सर्वशरीरव्यापी आहे. ते गुणसूत्राच्या टोकात कोंबल्याने ना ओज कळते, ना टेलोमिअर.

तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एक संशोधन येथे नोंदविले पाहिजे. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन हे ज्याचे संस्थापक संपादक, त्या ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’मध्ये २०१७ साली मणिपाल येथील संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. ४५ ते ६० वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना कोष्ठशुद्धीनंतर ४५ दिवस आमलकी रसायन देण्यात आले. रक्तातील पेशींची तपासणी आरंभी, ४५ व्या व ९० व्या दिवशी झाली. टेलोमरेजची क्रिया वाढलेली आढळली. टेलोमिअरच्या लांबीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. शोधनपूर्वक रसायन हा शास्त्रक्रम संशोधकांनी पाळला, हे विशेष समाधानाचे.

आता औषधनिर्मात्या बंधूंनी एवढे ध्यानी घ्यावे की, हा प्रयोग आमलकी रसायनावर झाला, च्यवनप्राशावर नव्हे. शिवाय ‘टेलोमिअर लांब करणारे’ असे वेष्टनावर छापण्यास त्यातून आधार मिळत नाही. तळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही रुग्ण अशा जाहिराती मोबाइलवर दाखवून विचारणा करतात. झीज मंदावत असेल, हा तर्क संशोधकांनी मांडला आहे. तो सिद्ध व्हावयाचा तर दीर्घ काळ मापन हवे.

आणखी एक बाजू आहे, ती जाहिरातीत येत नाही. बहुसंख्य शारीर पेशींत टेलोमरेज जवळजवळ निद्रिस्त असते. परंतु सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते जागृत आढळते व त्यायोगे त्या पेशी अमर्याद विभाजित होत राहतात. म्हणजे या विकराची वाढ सर्वत्र हितकर असे गृहीत धरता येत नाही. आमलकीने कर्करोग वाढतो असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु कर्करोगाची चिकित्सा चालू असलेला रुग्ण ‘टेलोमरेज वाढविणारे’ म्हणून एखादे रसायन मागू लागला, तर केवळ त्या नावावर ते देऊ नये; त्याच्या चिकित्सकाशी विचारविनिमय करूनच योजना करावी.