पडीक माळाला नत्र : पाला गोठ्यात की जमिनीत?

महाराष्ट्रातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ८० टक्के क्षेत्र कोरडवाहू आहे. या शेतीला लागूनच कुसळीखेरीज काही न उगवणारे माळ, टेकड्यांचे उतार आणि कसणे सोडून दिलेली मुरमाड वावरे आहेत. अशा ठिकाणी मातीचा वरचा थर धुपून गेलेला असतो. जमिनीतील बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात साठलेले असते आणि सेंद्रिय पदार्थ वरच्या थरात असतो. म्हणून माती गेली की नत्रही जाते. उरलेल्या मुरमात युरिया टाकला तर त्यातील बराचसा पहिल्या मोठ्या पावसात झिरपून किंवा वाहून जातो, कारण त्याला धरून ठेवणारे तेथे काही राहिलेले नसते.

नत्राचा तुटवडा मात्र हवेत नाही. हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायू आहे. एका हेक्टरवर उभ्या असलेल्या हवेतील नत्राचे वजन केले तर ते सुमारे ७५ हजार टन भरेल. पिकाला ते तसेच घेता येत नाही, ही अडचण आहे. द्विदल वर्गातील वनस्पतींच्या मुळांवर गाठी करून राहणारे रायझोबियम जातीचे जीवाणू ते घेऊ शकतात. झाड जीवाणूंना साखर पुरवते आणि जीवाणू झाडाला नत्र देतात. उष्ण कटिबंधातील स्टायलो, ताग, धैंचा, गिरीपुष्प, सुबाभूळ, शेवरी, हादगा या वनस्पती पडीक जमीन सुधारण्यासाठी सुचविल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे.

द्विदल पीक घेतले म्हणजे जमीन आपोआप सुपीक होते, असा समज मात्र आपल्याकडे पक्का बसला आहे. तो अर्धाच खरा आहे.

नत्राचा हिशोब

गाठीत तयार झालेले नत्र जमिनीत साठत नाही. ते झाडात जाते आणि मुख्यतः पाने व शेंगा यांत साठते. जमिनीला मिळते ते गळलेल्या पानांतून, कुजलेल्या मुळांतून आणि गाठींतून. तुरीचे उदाहरण घ्या. तुरीच्या दाण्यात सुमारे २२ टक्के प्रथिने, म्हणजे साडेतीन टक्के नत्र असते. दहा क्विंटल तूर घरी आली म्हणजे ३५ किलो नत्र शेताबाहेर गेले. तुरीचा पाला शेतातच गळतो आणि मुळे खोल राहतात, म्हणून तुरीनंतरचे पीक चांगले येते. कुलथी आणि मटकीचे तसे नाही. ही पिके आपण मुळासकट उपटतो, खळ्यावर नेतो, दाणे घरात आणि भुसकट गोठ्यात. शेतात राहते ती थोडीफार गळलेली पाने आणि तुटलेली मुळे. हलक्या रानात वर्षानुवर्षे कुलथी घेऊनही रान का सुधारत नाही, असे शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर बहुतांशी येथे आहे. कुलथी उपटण्याऐवजी विळ्याने कापली तरी मुळे आणि गाठी जमिनीत राहतील. फायदा लहान आहे, पण त्याला खर्च काहीच नाही.

चाऱ्याचा हिशोब थोडा वेगळा आहे. जनावर जे नत्र खाते त्यातील तीन चतुर्थांशाच्या आसपास शेण आणि मूत्र यांतून परत बाहेर पडते. तेव्हा चारा खाऊ घालण्यात तसे नुकसान नाही. नुकसान पुढे होते. मूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरते किंवा त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते. काही शेणाच्या गोवऱ्या होतात. जे शेणखत उरते ते विहिरीजवळच्या बागायतीत पडते, कारण माळ लांब आणि चढाचा असतो आणि बैलगाडी तेथवर नेणे जिवावर येते. म्हणजे माळावरचा कस दरवर्षी थोडा थोडा उसात उतरतो. एखाद्या घरात दोन जनावरे दुधाची असतील तर त्या घराला पाला जमिनीत घाला असे सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. उन्हाळ्यात वैरण मिळत नाही आणि दूध रोज लागते. म्हणून प्रश्न सगळा पाला कोणाला द्यायचा हा नाही. वाटणी आधी ठरवून झाडे निवडायची, हा त्यातला मार्ग आहे. गुरे आवडीने खातात अशी झाडे चाऱ्यासाठी आणि गुरे तोंड लावत नाहीत अशी झाडे जमिनीसाठी लावावीत.

गिरीपुष्प : जमिनीच्या वाट्याचे झाड

या दुसऱ्या कामाला गिरीपुष्पाइतके सोयीचे झाड आपल्याकडे दुसरे नाही. काही भागांत याला उंदीरमारी म्हणतात. मूळचे मध्य अमेरिकेचे, तेथे कोकोच्या बागेत सावलीसाठी लावीत. याच्या पाल्याला उग्र वास असतो, त्यामुळे मोकाट गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. शेळ्यांना सवय झाली तर त्या खातात, तेवढी काळजी घ्यावी. चराई पूर्ण बंद करणे जमत नसलेल्या गावात सुद्धा हे झाड जगते, ही याची खरी किंमत आहे.

वाळलेल्या पाल्यात साधारण तीन टक्के नत्र असते आणि ओल्या पाल्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणी. त्यामुळे तीन टन ओल्या पाल्यात सुमारे २० किलो नत्र येते. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास तेवढेच असते. बांधावर दीड फुटाच्या थोड्या अधिक, म्हणजे अर्ध्या मीटर अंतराने लावल्यास ४०० मीटर बांधावर ८०० झाडे बसतात. तिसऱ्या वर्षापासून सर्व छाटण्या मिळून झाडामागे तीन किलो ओला पाला धरला तर २४०० किलो होतो, म्हणजे पाऊण गोणी युरिया. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढी यातायात? पण गोणीतून सेंद्रिय कर्ब येत नाही. पाल्याबरोबर तो येतो, आणि मुरमाड जमिनीत ओल व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम तोच करतो. हेही ध्यानात ठेवावे की पाल्यातील सगळे नत्र त्याच हंगामात पिकाला मिळत नाही. काही भाग मागे राहतो आणि पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

कमी पावसाच्या भागात याचा आणखी एक फायदा आहे. ताग किंवा धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडण्याची शिफारस सर्वांना ठाऊक आहे. खात्रीचा पाऊस किंवा पाणी असेल तेथे ती उत्तमच आहे आणि चोपण जमिनीत धैंच्याला तोड नाही. परंतु ५०० मिलिमीटर पावसाच्या हलक्या रानात ताग गाडायचा म्हणजे खरीप सोडायचा आणि गाडल्यावर पाऊस आला नाही तर तो कुजतही नाही. बांधावरचा पाला आणून टाकण्यात पीक बुडत नाही.

गिरीपुष्पाची लागवड फाट्यांपासून होते, तशी बियांपासूनही होते. फाट्यांची झाडे लवकर वाढतात, पण मुळे उथळ राहतात. माळरानासाठी बियांची रोपे चांगली. शेंगा उन्हाळ्यात तडकण्याआधी तोडाव्यात. बियांना कोणतीही प्रक्रिया लागत नाही. पिशवीत रोपे करून पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. पहिले वर्ष छाटू नये. नंतर जमिनीपासून पाऊण ते एक मीटर उंचीवर छाटावे आणि कोवळ्या फांद्यांसह पाला पेरणीपूर्वी मातीत मिसळावा. उभ्या पिकात ओळींमधून पसरला तरी चालतो, मात्र उन्हात उघडा वाळला तर त्यातील काही नत्र उडून जाते. म्हणून वर कोळपे फिरवावे. बाजरीचे सरमाड किंवा ज्वारीची धाटे गाडली तर ती कुजताना जीवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. गिरीपुष्पाच्या पाल्यात नत्राचे प्रमाण जास्त असल्याने तसे होत नाही. दोन्ही एकत्र गाडणे सर्वांत चांगले.

चाऱ्याच्या वाट्याला स्टायलो आणि सुबाभूळ

उताराच्या माळावर स्टायलो घ्यावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याचा 'फुले क्रांती' हा वाण दिला आहे. बियांचे कवच टणक असते, म्हणून पेरणीपूर्वी बी कापडात बांधून उकळी न आलेल्या कडक गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावे व सावलीत सुकवावे. हेक्टरी चार-पाच किलो बी बारीक मातीत मिसळून पहिल्या पावसावर मारवेल, पवना किंवा डोंगरी गवताबरोबर पेरावे. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत स्टायलो घेऊ नये. पहिल्या वर्षी बी गळून पडेपर्यंत कापणी करू नये, एवढे पाळले की पुढे तो स्वतःच पसरतो.

सुबाभळीबद्दल शेतकऱ्यांचा अनुभव संमिश्र आहे. मणिभाई देसाई आणि त्यांच्या उरुळीकांचन येथील 'बाएफ' संस्थेने हे झाड महाराष्ट्रात गावोगाव नेले. मध्यंतरी त्याला कल्पवृक्षच मानले गेले आणि १९८८ च्या सुमारास पानांतील रस शोषणारी सायला कीड भारतात आल्यावर तितक्याच घाईने ते टाकाऊ ठरविले गेले. आमच्या मते दोन्ही टोके चुकीची. चुनखडीयुक्त जमिनीत, जेथे पुष्कळ झाडे पिवळी पडतात, तेथे सुबाभूळ चांगली वाढते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती खुंटते; तेथे गिरीपुष्पच बरे. पाल्यात मायमोसीन हा विषारी घटक असल्याने तो एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये आणि घोडे, गाढवे यांना मुळीच देऊ नये. बी फार पडते व झाड तणासारखे पसरते, यासाठी शेंगा धरण्यापूर्वी छाटणी करावी.

गाठीच धरल्या नाहीत तर?

पडीक जमिनीत द्विदल लावूनही ते पिवळेच राहिले, अशी तक्रार पुष्कळदा येते. साधारण ३० ते ४० दिवसांचे रोप कुदळीने मातीसह काढून, मुळे पाण्यात हळूच धुऊन गाठी पाहाव्यात. गाठ नखाने फोडल्यावर आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करीत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र बांधले जात नाही. गाठीच नसतील तर जमिनीत योग्य जीवाणू नाहीत किंवा स्फुरद नाही. नत्र बांधण्याच्या कामाला स्फुरद भरपूर लागते आणि धुपलेल्या जमिनीत नेमका त्याचाच दुष्काळ असतो. म्हणून फुकटचे नत्र मिळवायचे तर सुरुवातीला स्फुरदासाठी खर्च करावा लागतो. स्टायलोसाठी हेक्टरी चार-पाच गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट पेरणीच्या वेळी द्यावे. त्यातून गंधकही मिळते. युरिया मात्र जास्त देऊ नये. आयते नत्र मिळाले की झाड गाठी करीत नाही.

जीवाणू संवर्धन पिकाच्या गटाप्रमाणे घ्यावे. चवळीच्या गटाचे संवर्धन मूग, उडीद, मटकी, कुलथी, तूर यांना चालते, हरभऱ्याला चालत नाही. २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या थंड द्रावणात कालवून १० ते १५ किलो बियाण्यास चोळावे व बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी. सुबाभळीचे जीवाणू वेगळे असल्याने नव्या भागात संवर्धन मिळाले नाही, तर जुन्या निरोगी सुबाभळीखालची मूठभर माती रोपांच्या पिशवीत मिसळावी.

मोकळ्या चराईपुढे मात्र यातील कोणतीही युक्ती चालत नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी येथे पाणलोटाच्या कामाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली, म्हणून तेथील डोंगर हिरवे झाले. चारा कापून न्यायला हरकत नाही, गुरे सोडायची नाहीत, असा नियम किमान तीन पावसाळे गावाने मिळून पाळावा. एकट्या शेतकऱ्याला तो पाळता येत नाही, आणि उतारावर आधी समपातळी चर न खणता लावलेले बी पहिल्या पावसातच ओढ्याला जाते.

तिसऱ्या वर्षी सुधारलेल्या तुकड्यावर बाजरी घ्यावी. पेरताना मधली चार तासे पाला न टाकता तशीच सोडावीत आणि बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी. कणसे निसवण्याच्या वेळी दोन्हींचा रंग पाहावा आणि काढणीला दोन्हींचे धान्य वेगळे तोलावे. पुढच्या वर्षीच्या पाल्याची वाटणी त्या वजनावरून ठरवावी.