खडीवर हँडल का डुलतं?

प्रश्न : मी वलवणला राहते. माझ्याकडे चारशे अकरा सीसीची हिमालयन आहे. गेल्या हिवाळ्यात तुंगार्लीवरून राजमाचीला गेले, तेव्हा सुटी खडी लागली की हँडल हातात डुलायला लागायचं. बरोबरचे म्हणाले, घट्ट धर. घट्ट धरलं तर आणखीच डुललं आणि संध्याकाळपर्यंत मनगटं भरून आली. पुढच्या सप्टेंबरात काझा आणि जमलं तर तिथून लेह असा बेत आहे. हँडल नक्की कशामुळे डुलतं? ते थांबवायचं कसं? आणि अलास्कासारख्या श्रीमंत मुलखातसुद्धा शेकडो किलोमीटरचे रस्ते अजून खडीचेच का?
— एक वाचक, वलवण (ता. मावळ)

उत्तर : तुमच्या हातातलं हँडल डुलतं तेव्हा गाडी स्वतःला सावरत असते. ते थांबवायचं नसतं, चालू द्यायचं असतं. खडीवर गाडी चालवण्याचं बरंचसं शिक्षण या एका गोष्टीत आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

गाडी स्टँडवर लावा आणि बाजूने पुढच्या चाकाकडे पाहा. शॉकॉब्सरचे दोन दांडे तिरके आहेत. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, ती रेषा मनाने खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती चाक जिथे जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढे जाऊन पडेल. म्हणजे टायर नेहमी त्या रेषेच्या मागून ओढला जातो आणि मागून ओढली जाणारी वस्तू आपोआप ओढीच्या दिशेत येते. एखादा दगड चाकाला डावीकडे ढकलतो, मागची ओढ त्याला पुन्हा सरळ करते, तोवर दुसरा दगड उजवीकडे ढकलतो. डांबरावर हे धक्के इतके बारीक असतात की जाणवत नाहीत. खडीवर ते मोठे होतात आणि तुम्हाला हँडल डुलताना दिसतं.

अशा वेळी तुम्ही हँडल आवळून धरलं तर चाकाचं सरळ होणं तुमच्या दंडांत अडकतं. मग दगडाचा धक्का फक्त चाकापुरता राहत नाही. तो हँडलमधून खांद्यांत, खांद्यांतून कमरेत आणि कमरेतून सबंध गाडीत जातो. शिवाय आखडलेल्या हातांनी नकळत रेस कमीजास्त होते आणि गाडी झटके खाते. मनगटं भरून आली ती यामुळेच.

तेव्हा हात सैल, कोपरं किंचित बाहेर, आणि धरायचं ते गुडघ्यांनी. टाकी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरली की अंगाचा भार हातांवरून उतरतो. खडी जाड असेल तर फूटरेस्टवर उभ्या राहा, गुडघे थोडे वाकवून. उभं राहिल्याने गाडी तुमच्याखाली मोकळेपणाने हलू शकते आणि नजरही लांब जाते. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवू नका, वीस-तीस मीटर पुढे ठेवा. ज्या दगडाकडे आपण टक लावून बघतो त्याच्यावरच गाडी जाते, हा अनुभव सायकल शिकणाऱ्या मुलालाही असतो.

रेस एकसारखी, हलकी चालू ठेवा. घाबरून एकदम रेस सोडली की भार पुढच्या चाकावर येतो आणि ते खडीत रुतून बाजूला सरकायला लागतं. मागचं चाक सरकलं तर बहुधा काही होत नाही, पुढचं सरकलं की माणूस पडतो. म्हणून पुढचा ब्रेक दोन बोटांनी, अगदी हळू. वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी आणि गिअर उतरवून. २०२० नंतरच्या हिमालयनला मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे; तुमच्या गाडीला ती असेल तर सुट्या खडीच्या उतारावर वापरा. चाक किंचित अडकलं की त्याच्यापुढे खडीचा छोटा ढीग साचतो आणि गाडी लवकर थांबते. एबीएस तो ढीग साचू देत नाही.

आता सामानाचं, कारण दूरच्या प्रवासात निम्मं डुलणं सामानामुळे असतं. तंबू, स्लीपिंग बॅग, पेट्रोलचा कॅन असं सगळं मागच्या कॅरिअरवर उंच रचलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक जास्त भरकटतं. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली आणि जमेल तितक्या पुढे. कॅरिअरवर फक्त हलक्या वस्तू. मावळातून निघण्यापूर्वी हे सगळं लादून एकदा राजमाचीच्या वाटेवर जाऊन या. तुंगार्ली, ठोंबरेवाडी, फणसराई करत उधेवाडीपर्यंतची ती पंधराएक किलोमीटरची वाट पावसाळा दरवर्षी नव्याने उखडतो. वरचा मुरूम वाहून जातो, खालचे दगड उघडे पडतात. ऑक्टोबर उलटल्यावर, चिखल वाळला की सरावाला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही आणि ती तुमच्या दारात आहे. वस्तीपाशी मात्र अगदी हळू. आपण उडवलेली धूळ तिथल्या लोकांच्या घरात जाते.

एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडची रस्त्याची खडी म्हणजे फोडलेला काळा कातळ. तिला कोपरे असतात. रोलर फिरला की तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि सांधे मुरमाने भरतात. लाहौल-स्पितीत नदीने आणि हिमनदीने वाहून आणलेले गोल गोटे असतात. ते एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखालून निसटतात. काझा ते ग्रांफू या रस्त्यावर, विशेषतः बातल ते छतरू या टप्प्यात, ही गोट्यांची वाट आणि तिला आडवे जाणारे नाले यांच्याशी गाठ पडते. तिथे दुसऱ्या गिअरमध्येच दिवस जातो. नाले सकाळी ओलांडावेत. दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यापर्यंत येतं.

टायरच्या हवेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हँडलचा आणि हवेचा जवळचा संबंध आहे. खडीवर हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा चार-पाच पॉइंट (पीएसआय) कमी केली की टायर दगडावर थोडा पसरतो आणि धक्का हँडलपर्यंत कमी पोचतो. मागे सामान असेल तर मागची हवा तितकी उतरवू नका; ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली की पंक्चर ठरलेलं. डांबर लागलं की पुन्हा भरायची, म्हणून छोटा पंप जवळ हवाच.

उंचीवर याच हवेचं एक वेगळं गणित सुरू होतं. गेज दाखवतं तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. लोणावळ्यात बाहेरच्या हवेचा दाब साधारण साडेतेरा पॉइंट, आणि मनाली-लेह रस्त्यावरच्या बारालाचा खिंडीत, म्हणजे सुमारे ४,८९० मीटरवर, तो आठच्या आसपास. म्हणजे इथे ३० भरलेला टायर तिथे गेजवर ३५-३६ दाखवेल. पण तिथे थंडीही असते. तीस अंशांवरून पाच अंशांवर आलेल्या टायरमधली हवा आकसून तीन-साडेतीन पॉइंट उतरते. दोन्हींची वजाबाकी होऊन आकडा थोडासाच वाढलेला दिसतो. मग दुपारी ऊन लागलं आणि टायर तापला की तो पुन्हा चढतो. म्हणून उंचीवर हवा रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची.

आता अलास्का. तुम्ही ज्याबद्दल विचारता तो डाल्टन हायवे असावा. फेअरबँक्सच्या उत्तरेला सुरू होऊन आर्क्टिक किनाऱ्याजवळच्या डेडहॉर्सपर्यंत ६६६ किलोमीटर. तेलवाहिनीसाठी तो १९७४ मध्ये पाच महिन्यांत बांधला. सर्वसामान्यांना पूर्ण रस्ता खुला झाला तो १९९४ मध्ये. काही तुकडे आता डांबरी आहेत, पण बराच भाग खडीचाच. कारण पैशाचं नाही, जमिनीचं आहे. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. काळं डांबर ऊन शोषतं, उष्णता खाली उतरते, बर्फ वितळतं आणि वरचा रस्ता कुठे खचतो, कुठे फुगतो. फुगलेलं डांबर फोडून पुन्हा घालावं लागतं. खडी ग्रेडरने एका फेरीत सपाट होते. शेजारच्या कॅनडातला १९७९ मध्ये खुला झालेला डेम्पस्टर हायवे तर मुद्दाम खडीच्या जाड भरावावर उचललेला आहे. काही ठिकाणी हा भराव पुरुषभर उंचीहून जास्त आहे. तो भराव खालच्या बर्फावर पांघरूण घालतो.

लडाख-लाहौलची गोष्ट वेगळी. तिथे सीमा सडक संघटनेने गेल्या काही वर्षांत बरंच डांबर घातलं. २०२१ मध्ये पूर्व लडाखमधल्या उमलिंग ला या १९,०२४ फुटांवरच्या खिंडीतही डांबरी रस्ता पोचला. उरलेले कच्चे तुकडे आहेत ते दरडी, नाले आणि कामाला मिळणारे उन्हाळ्याचे मोजके महिने यांच्यामुळे. आणि घाटात दरड कोसळली की रस्ता बंद, हे मावळच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

खडीच्या रस्त्याची आणखी एक खोड तुम्हाला उत्तरेत भेटेल. लांब सरळ टप्प्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात आणि गाडीचा नटबोल्ट न् नटबोल्ट वाजतो. या वळ्या कोणी पाडत नाही, चाकंच पाडतात. २००७ मध्ये निकोला ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन या संशोधकांनी फिरत्या वाळूच्या पृष्ठभागावर एक चाक टेकवून हे दाखवून दिलं. चाकाला स्प्रिंग नसली तरी वळ्या पडल्या. वाळू बारीक असो की जाड, तरीही पडल्या. मात्र एका ठरावीक वेगाच्या खाली पृष्ठभाग सपाट राहिला. अडचण अशी की तो वेग इतका कमी आहे की प्रत्यक्षात त्या वेगाने कोणीच जात नाही. जीपवाले वेग वाढवून वळ्यांच्या माथ्यावरून तरंगत जातात. मोटरसायकलवर तुम्ही तसं करू नका. तरंगणाऱ्या चाकाला रस्त्याची पकड नसते आणि पुढच्या वळणावर ती लागते. कडेला वळ्या पुसट असतात, तिथून हळू जा. मुक्कामाला पोचल्यावर कॅरिअर, नंबरप्लेट आणि आरशांचे नटबोल्ट पान्याने एकदा फिरवून बघा.

शेवटी पेट्रोल, कारण इथे अलास्का आणि लडाख एका रांगेत येतात. डाल्टन हायवेवर कोल्डफूट सोडलं की डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर पंप नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. तुमच्या हिमालयनची टाकी १५ लिटरची. डांबरावर लिटरला तीस किलोमीटर मिळाले तर साडेचारशेची मजल सहज होते. पण घाट, पहिला-दुसरा गिअर आणि पाच हजार मीटरवरची विरळ हवा, जिथे इंजिनाची साधारण चाळीस टक्के ताकद गळून जाते, यांत तोच आकडा बावीस-पंचविसावर येतो. म्हणजे ३३० ते ३७५. तांदीनंतर पाच लिटरचा कॅन घ्यायचा तो हौस म्हणून नव्हे, या हिशोबाने. तोही बाजूच्या बॅगेत, खाली.

आणि एक सुचवतो. काझाला मनालीकडून चढू नका. त्या बाजूने एका दिवसात दोन हजार मीटरवरून चार हजारांच्या आसपास जावं लागतं आणि डोकं दुखत असताना गोट्यांवर गाडी सावरणं फार कठीण. सिमला, रेकाँग पिओ, नाको करत काझाला जा. उंची हळूहळू वाढते आणि रस्ताही सोपा ते अवघड असा येतो. काझात टाकी काठोकाठ भरा, पहाटे निघून कुंझुम खिंड ओलांडा, बातल-छतरूचे नाले दुपारच्या आत मागे टाका आणि लेहला जायचं ठरलं तर तांदीला टाकी आणि कॅन दोन्ही पुन्हा भरूनच पुढे निघा.