कर, कैसर आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



आयकराचे विवरणपत्र भरायचे दिवस आले की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणातील गप्पांचा विषय बदलतो. जुनी करप्रणाली बरी की नवी, याचा हिशेब सुरू होतो. एक जण म्हणतो, ‘दरवेळी आम्ही पगारदारांनीच का भरायचे?’ दुसरा म्हणतो, ‘भरलेला पैसा जातो कुठे? रस्त्यावरचे खड्डे बघा.’ आणि एखादा आम्हाला हळूच बाजूला घेऊन विचारतो, ‘फादर, देणगीची पावती जरा जास्त रकमेची मिळेल का?’

पहिले दोन प्रश्न रास्त आहेत. तिसऱ्या विनंतीला आमचे उत्तर ‘नाही’ असेच असते. पण नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, त्यामागचे कारण सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. शिवाय पहिले दोन प्रश्न विचारणारा माणूस पुष्कळदा त्यांच्याच आधारे तिसरी विनंती करत असतो. म्हणून या आठवड्याच्या पाठात तिन्हींचा एकत्र विचार करू.

नाणे आणि प्रतिमा

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील २२ व्या अध्यायात परूशी आणि हेरोदी येशूला कराविषयी पेचात पकडू पाहतात. ‘कर द्यावा’ म्हटले तर लोक रागावतील, ‘देऊ नये’ म्हटले तर रोमन सत्ता पकडेल. येशू त्यांच्याकडेच नाणे मागतो आणि त्यावर कोणाची प्रतिमा आहे ते विचारतो. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून त्याचा त्यावर हक्क आहे. पण माणूस कोणाच्या प्रतिमेत घडला, हे उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. कैसराचा हक्क खरा आहे, आणि त्या हक्काला मर्यादाही आहे.

या प्रसंगाचा आपण दोन प्रकारे चुकीचा अर्थ लावतो. काहींना वाटते, करचुकवेगिरी हा सरकार आणि आपल्यामधला मामला आहे, देवाचा त्यात संबंध नाही. काहींना वाटते, सरकार जे करील ते मुकाट्याने सोसावे. येशूने यातले काहीच शिकवले नाही. संत पौल रोमकरांना पत्र लिहितो तेव्हा गादीवर नीरो आहे. तरीही तेराव्या अध्यायात तो सांगतो की शिक्षेच्या भीतीपोटीच नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीसाठीही सत्तेच्या अधीन राहावे आणि म्हणूनच कर द्यावा. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण परिच्छेद २२४० मध्ये कर भरणे हे नैतिक बंधन मानते आणि परिच्छेद २४०९ मध्ये करचुकवेगिरीला सातव्या आज्ञेविरुद्धच्या कृत्यांत, म्हणजे चोरीच्या पंक्तीत बसवते.

संत थॉमस यांच्या तीन कसोट्या

मग सरकारने लावलेला प्रत्येक कर न्याय्य असतो का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कोणत्याही कायद्याला लावण्याच्या तीन कसोट्या सांगितल्या. कायद्याचा हेतू सर्वांचे हित हा आहे का? तो करणाऱ्याला तसा अधिकार आहे का? आणि त्याचा भार ज्याच्या त्याच्या ताकदीच्या प्रमाणात वाटला आहे का? आयकरावरची आजची सारी चर्चा या तीन प्रश्नांत बसते.

पहिली कसोटी: कशासाठी?

तुमच्या पगारपत्रकावर ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाला २,५०० रुपये. हा कर कुठून आला हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ग्रामीण मजुराला हक्काने काम देण्याची कल्पना मांडली होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. लाखो माणसे खडी फोडायला आणि तलाव खोदायला आली. त्यांच्या मजुरीसाठी पैसा हवा होता. म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. त्यातून जेवढे जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मुंबईच्या कचेरीतला कारकून आणि दुष्काळी गावातला मजूर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकाच्या पगारातून दुसऱ्याची चूल पेटली. देशाने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता.

कर म्हणजे काय, हे यातून कळते. अनोळखी शेजाऱ्यावर कायद्याच्या मार्गाने केलेली ती प्रीती आहे. आणि म्हणूनच त्या पैशाचा हिशेब मागणे हे आपले कर्तव्य आहे.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयातले २२ पैसे राज्यांना त्यांचा वाटा म्हणून, २० पैसे जुन्या कर्जाच्या व्याजापोटी आणि ८ पैसे संरक्षणासाठी दाखवले होते. जमेच्या बाजूला आयकरातून २२ पैसे येणार होते, तर नव्या कर्जातून २४. म्हणजे त्या वर्षी सरकार आयकरातून जेवढे मिळवणार होते त्याहून अधिक ते उसने घेणार होते. धरण, रेल्वे, रुग्णालय अशा टिकाऊ गोष्टींसाठी घेतलेले कर्ज समजू शकते. पण आजच्या वाहवेसाठी घेतलेले कर्ज आपल्या मुलांना फेडावे लागते. संत थॉमस म्हणतात की सत्ताधीशाच्या लोभासाठी किंवा मोठेपणासाठी लादलेला भार न्याय्य नसतो. फलक, समारंभ आणि जाहिराती यांवरील खर्चाकडे बघताना हे आठवावे.

दुसरी कसोटी: कोणी लावला?

आपल्या देशात आयकर पहिल्यांदा १८६० मध्ये आला. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी तो लावला. त्यावेळच्या विधिमंडळात एकही भारतीय नव्हता. ज्यांनी भरायचे त्यांना कोणी विचारलेच नाही.

आज संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, आणि तो कायदा आपण निवडून दिलेले प्रतिनिधी करतात. १९६१ चा आयकर कायदा साठ वर्षांहून अधिक काळ चालला, पण दुरुस्त्यांनी इतका फुगला की वकिलाशिवाय कळेना. त्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २०२६ पासून तो लागू करण्यात आला. शब्दसंख्या जवळजवळ निम्म्यावर आली. सोपा कायदा ही गरिबाच्या न्यायाचीच गोष्ट आहे, कारण अवघड कायद्यातून वाट काढणारा महागडा सल्लागार श्रीमंतालाच परवडतो.

तिसरी कसोटी: कोणावर किती?

इथे खरा वाद आहे. १९७३-७४ मध्ये सर्वात वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती राहणार असतील तर माणूस कमाई लपवणार, हे उघड होते. १९९७ मध्ये दर १०, २० आणि ३० टक्क्यांवर आणले गेले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावरचा कर माफ केला. पगारदारांसाठी प्रमाणित वजावटीसह ही मर्यादा १२ लाख ७५ हजार झाली. यामुळे सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले.

एक बाजू म्हणते: मध्यमवर्गाच्या हाती पैसा राहिला तर तो खर्च होईल, धंदा वाढेल, दर कमी असले की लोक प्रामाणिकपणे भरतील. दुसरी बाजू म्हणते: आयकर भरणारे आधीच थोडे, ते आणखी घटले तर तिजोरीचा भार वस्तूंवरील करांवर पडेल, आणि तो कर सर्वात गरीब माणूसही भरतो. हे खरेच आहे. साबणाच्या वडीवर घरकाम करणारी बाई आणि बंगल्याचा मालक सारखाच जीएसटी देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा हा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आणला गेला, तेव्हा त्या बाईलाही थोडा दिलासा मिळाला.

किती टक्के कर घ्यावा हे ख्रिस्तसभा ठरवत नाही, आणि या व्यासपीठावरून कोणत्या पक्षाची बाजूही आम्ही घेणार नाही. श्रद्धावंतांची मते वेगवेगळी असू शकतात. पण दोन कुंपणे ख्रिस्तसभेने घातली आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये बजावले की अवाजवी करांनी माणसाची मालमत्ता शोषून घेणे अन्याय आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ मध्ये सांगितले की कराचा भार नागरिकांच्या ऐपतीच्या प्रमाणात असावा. या दोन कुंपणांच्या आत वाद घालताना आपण एवढे विचारावे: या बदलानंतर सर्वात दुबळ्या माणसाचे काय होईल?

खर्चालाही तोच प्रश्न लावावा. आपल्या राज्यात २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिलांना दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. ज्या माऊलीला औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागत होता, तिच्यासाठी ते पैसे म्हणजे स्वाभिमान आहे. त्यावर हसू नये. त्याचबरोबर, पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये सांगितलेले तत्त्व असे की वरच्या सत्तेने खालच्याला त्याचे काम स्वतः करता येईल अशी मदत द्यावी. शाळा, दवाखाना आणि काम यांची जागा महिन्याच्या पैशांनी भरून निघत नाही.

आता आपले घर

‘सरकारच चोर, मग आपण का भरायचे?’ हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकतो. अन्यायाने उकळलेला पैसा ही लूटच, असे संत थॉमसही म्हणतात. पण करचुकवेगिरीने मंत्र्याचे काय बिघडते? बिघडते ते सरकारी रुग्णालयात जमिनीवर झोपलेल्या रुग्णाचे, आणि ज्याचा कर पगारातूनच कापला जातो त्या शेजाऱ्याचे. अन्यायाविरुद्ध मतदान आहे, ग्रामसभा आहे, २००५ चा माहितीचा अधिकार आहे. खोटी पावती हा त्यावरचा उपाय नव्हे.

कायद्याने दिलेली सवलत घेणे पाप नाही. वाडीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे, ते तसे दाखवणे योग्यच. पण दुकानाची कमाई वाडीच्या नावावर दाखवणे, प्लॉटचा अर्धा भाव चेकने आणि अर्धा रोखीने घेणे, न दिलेल्या भाड्याच्या पावत्या जोडणे, हे खोटे आहे, आणि पापनिवेदनात त्याला दुसरे नाव नाही.

हा नियम आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे. अनुदानित शाळांत शिकवणारे फादर आणि सिस्टर पगार आपल्या संस्थेला देऊन टाकतात, म्हणून त्यातून कर कापू नये, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. पगार ज्याच्या नावे निघतो त्याने पुढे तो कोणाला दिला, याने कर टळत नाही. काहींना हे बोचले. आम्हाला वाटते, शेजाऱ्याबरोबर एकाच रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही. येशूनेही मंदिराचा कर स्वतःसाठी आणि पेत्रासाठी भरला होता.

आणि आपण सरकारकडे हिशेब मागतो तसा तुम्ही आमच्याकडेही मागा. धर्मग्रामाला अर्थसमिती असावी आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. येशूच्या शिष्यांची थैली कोणाच्या हाती होती आणि तिचे काय झाले, हे संत योहान सांगतो.

आणखी एक गोष्ट. नव्या करप्रणालीत ‘८० जी’ची सवलत मिळत नाही. म्हणजे दान दिल्याने कर वाचत नाही. आता आपण किती देतो, यावरून आधी कशासाठी देत होतो ते आपले आपल्याला कळेल.

जक्कय येशूला घरी घेऊन गेला तेव्हा त्याचे मनपरिवर्तन हिशेबाच्या वहीत दिसले: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड. आपल्या कायद्यातही २०२२ पासून मागे राहिलेले उत्पन्न जादा कर भरून स्वतःहून जाहीर करण्याची सोय आहे, आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली गेली. ज्यांच्या मनाला काही टोचत असेल त्यांनी प्रथम पापनिवेदनाला यावे आणि मग आपल्या कर सल्लागाराकडे जावे. दोन्ही ठिकाणी खरे बोलावे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या गावात कराच्या पैशातून झालेले कोणते काम आपण रोज वापरतो? कोणत्या कामाचा हिशेब आपण कधीच विचारला नाही?

२. आपण दिलेल्या किंवा घेतलेल्या पावतीत काही खोटे आहे का? ते कसे दुरुस्त करता येईल?

३. आपल्या धर्मग्रामाच्या जमाखर्चाविषयी आपल्याला काय माहीत आहे?

संत मत्तय, जकातीच्या नाक्यावरून उठून येशूमागे गेलेल्या प्रेषिता, आमच्यासाठी विनंती कर.

आपले प्रमुख धर्मगुरू