शेण मोज, मग खड्डा खण

गोबरगॅस बांधायचा म्हणतोस, ऐकून फार बरं वाटलं. पण गवंड्याला बोलावण्याआधी आठवडाभर एक काम कर. रोज सकाळी गोठ्यातलं शेण घमेल्यात भर, काट्यावर ठेव आणि आकडा भिंतीवर लिहून ठेव. लोक गुरं मोजतात, शेण मोजत नाहीत, आणि तिथेच फसतात. बांधलेली म्हैस दिवसाला बारा-पंधरा किलो शेण देते. आपली गावठी गाय अंगानं लहान आणि दिवसभर बाहेर चरणारी, तिचं हाती लागतं चार-पाच किलो. भातकापणीनंतर गुरं मोकळी सोडली की तेवढंही नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो ताजं शेण लागतं. चार म्हशी असल्या तर भागतं, नुसती गावठी गुरं असली तर दहाही जेमतेम. आकडा कमी आला तर एक घनमीटरचं बांध, त्यात कमीपणा नाही. मोठी टाकी अर्धपोटी राहिली तर पैसे गेले आणि शेगडीही नीट पेटली नाही, असं होतं.

फायद्याचा हिशोबही आधीच मांड. किलोभर शेणातून साधारण 40 लिटर वायू निघतो. एक घनमीटर वायू म्हणजे सिलिंडरमधल्या सव्वाचारशे ग्रॅम गॅसचं काम. दोन घनमीटरचं संयंत्र रोज नीट चाललं तर महिन्याला पावणेदोन सिलिंडर वाचतात. तेच शेण थापून शेणी केल्या तर चुलीतल्या उष्णतेचा दहातला एखादा हिस्सा भांड्याला लागतो, बाकीची धुरासकट वर जाते. तो धूर कोणाच्या छातीत जातो, ते सूनबाईला विचार.

आता आपल्या घिवलीचं. तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारच्या आपल्या गावात टाकीला अडचण येते ती समुद्राची. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड टिकत नाही. जुन्या खादी आयोगाच्या नमुन्यात वर-खाली होणारी लोखंडी टोपी असते. इथे ती घेऊ नकोस. घ्यायचीच तर फायबरची घे, नाहीतर विटांच्या घुमटाचं, दीनबंधू नमुन्याचं संयंत्र बांध. त्यात गंजण्यासारखं फारसं काही नसतं. दुसरं, आपल्याकडे पाणी वर असतं. विहिरीत पाणी किती हातावर आहे ते पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात पाहा. वरच लागत असेल तर खोल खड्ड्याच्या नादी लागू नकोस, जमिनीवर बसणारं तयार संयंत्र घे. खोदकाम होळीनंतर काढ आणि मृगाच्या आत घुमटाचा गिलावा वाळलेला असू दे.

शेणात पाणी निम्मं-निम्मं. पाणी गोडं हवं. मचूळ विहिरीचं घातलंस तर वायू करणारे जंतू मंदावतात. वाळूचं तर विशेष सांगतो. आपलं अंगण रेतीचं, शेण खराट्यानं ओढलं की रेती सोबत येते, टाकीच्या तळाशी बसते आणि दोन-चार वर्षांत निम्मी टाकी खाऊन टाकते. म्हणून गोठ्याखाली आधी कोबा कर. पेंढ्याच्या काड्या हातानं काढून टाक, नाहीतर वर जाड साय धरते. गोठा फिनेलनं धुतलास तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नकोस. गुरांना इंजेक्शनं चालू असतील तेव्हाचं शेणही बाजूला टाक. टाकी म्हणजे गाईचं पोटच समज: रोज ठरल्या वेळी, ठरलं तेवढं. दोन दिवस उपाशी ठेवून तिसऱ्या दिवशी तिप्पट घातलं तर तीही फुगते.

पहिल्यांदा टाकी भरल्यावर घाई नको. दोन-तीन आठवडे जातात, आणि सुरुवातीचा वायू पेटतच नाही, तो सोडून द्यायचा. शेगडी बायोगॅसचीच घे, सिलिंडरच्या शेगडीची भोकं याला बारीक पडतात. नळीला उतार ठेव आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसव. पावसाळ्यात ज्योत फडफडू लागली की समज, नळीत पाणी साचलंय.

माझं मन सगळ्यांत जास्त लागलंय ते बाहेर पडणाऱ्या स्लरीत. आपण दर उन्हाळ्यात राब भाजतो. शेण, पालापाचोळा, कवळं रोपाच्या जागेवर पसरायचं आणि पेटवायचं. तणाचं बी मरतं हे खरं, म्हणूनच वाडवडिलांनी ते केलं. पण शेणातलं नत्र धुरात जातं, आणि वर्षभराचं शेण एका सकाळी संपतं. टाकीतून निघालेल्या स्लरीत ते नत्र राहतं. एका वाफ्यावर राब कर, शेजारच्या वाफ्यात स्लरी आणि कुजलेला पाला घाल, तण हातानं काढ, आणि रोपं आवणाला काढताना दोन्हींची मुळं पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, रोपावर ठेव. फक्त स्लरी उन्हात वाळवू नकोस, नत्र उडून जातं. सावलीतल्या खड्ड्यात पाल्याच्या थरावर ओत.

संडास जोडायचा का, हा प्रश्न घरात निघेलच. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचा विचार केला, आणि देहू गावात डॉ. मापुसकरांनी घराघरांतले संडास गॅसटाकीला जोडून दाखवले. 2017 साली मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर 1897 पासून असा वायू वापरात होता. ज्योतीला वास येत नाही, हे चालू टाकी बघून आल्याशिवाय कोणी मानणार नाही. म्हणून घरातल्या बायकांना आधी घेऊन जा. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात कर, पण मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत वीट उतरवू नकोस. बांधकामाचं काही अडलं तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, गड्यालाही, मी सांगितलं म्हणून सांग. टाकी तुंबली तरी आत कोणी उतरायचं नाही, रिकामी दिसली तरी नाही. आतल्या हवेत श्वास घेताच माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. वायू गळतोय का ते साबणाच्या फेसानं तपासायचं, काडी ओढून नाही. टाकीच्या तोंडांवर जड झाकणं बसव, आणि पोरं खेळतात त्या बाजूला कुंपण घाल.